ऑक्सिडीकरणाचा ताण, तणाव नव्हे

प्रश्न : बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे, आता लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आहेत. इथे इंदूरला मिळालेल्या हिंदी माहितीपत्रकात 'ऑक्सीडेटिव तनाव' हे एक कारण दिलंय. ते वाचल्यापासून बाबा म्हणतात, "मी आयुष्यभर काळजी करत बसलो, म्हणून किडनी बिघडली." मराठीत हे कसं सांगू? (रामबागेतील एक वाचक)

उत्तर : आधी बाबांना सांगा, हा 'तनाव' मनातला नाही. काळजीनेही साखर चढते हे खरं, पण ती गोष्ट वेगळी.

पेशीत साखर जळताना ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते निरोगी माणसातही होतात आणि ग्लुटाथायोनसारखी द्रव्यं त्यांना शमवतात. मधुमेहात मात्र मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या काही पेशींना आत शिरणारी जादा साखर अडवता येत नाही. मग रेणू इतके होतात की शमवणारी द्रव्यं अपुरी पडतात. हेल्मुट सीस या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा मूळ इंग्रजी शब्द रूढ केला तो याच असमतोलासाठी. त्यातून गाळणीला इजा होते आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत उतरतं. वाढलेला रक्तदाब वगैरे कारणं सोबत असतातच.

आता शब्द. आपण इंदूरकर हिंदीतला 'तनाव' नकळत 'तणाव' करून घेतो, आणि इथेच घात होतो. पूर्वी तंबूच्या दोरांना तणावे म्हणत, पण आज मराठीत तणाव म्हटलं की मन आठवतं, नाहीतर दंगलीनंतरची 'तणावपूर्ण शांतता'. ताण मनापुरता नाही. तो दोरीवर पडतो, डोळ्यांवर पडतो, कमरेवर पडतो. त्यात कुणाच्या स्वभावाचा दोष नसतो. म्हणून 'ताण'च हवा.

'ऑक्सिडीकारक ताण' असंही कुणी लिहितं. मला ते पटत नाही, कारण त्यात ताणच ऑक्सिडीकरण करतो असा अर्थ निघतो. 'ऑक्सिडीकरणाचा ताण' म्हटलं की षष्ठीमुळे ताण कशाचा ते कळतं. काही जण 'शरीराला गंज चढतो' म्हणतात. समजवायला बरं, पण शमवणारी बाजू त्यात हरवते.

बाबांना म्हणा, "साखरेमुळे तुमच्या किडनीवर ऑक्सिडीकरणाचा ताण पडलाय." पाठ्यपुस्तकातलं 'वृक्क' इथे नको, घरी आपण किडनीच म्हणतो.