उडत्या पक्ष्यांचे फोटो धूसर येतात. १५०-६०० लेन्स घेतली तर फरक पडेल का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : आपण नागपुरात अलीकडेच राहायला आला आहात, साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आपल्याकडे आहे, रविवारी अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला जाता, बसलेल्या पक्ष्यांचे फोटो बरे येतात, पण उडत्या पक्ष्यांचे जवळजवळ सगळेच धूसर निघतात, तेव्हा बरीच महाग असलेली १५०-६०० ची लेन्स घ्यावी काय. माझे उत्तर असे की आत्ता घेऊ नये. मी हा छंद याच शहरात, याच तलावांवर बरीच वर्षे करतो आहे आणि माझा अनुभव असा आहे की फोटो धूसर येण्याची निदान चार कारणे असतात, त्यांपैकी एकही केवळ लेन्स बदलून जात नाही, आणि दोन-तीन तर मोठ्या लेन्सने वाढतात. म्हणून आधी आपले कारण कोणते ते शोधावे.

ते शोधणे अवघड नाही. घरी आल्यावर बिघडलेले फोटो लगेच पुसून टाकू नयेत. संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहावेत आणि पहिली नजर पक्ष्यावर न टाकता त्याच्या मागच्या झाडोऱ्यावर किंवा पाण्याच्या लाटांवर टाकावी. मागची पाने स्वच्छ आणि पक्षी मात्र विरघळल्यासारखा दिसत असेल, तर फोकस पक्ष्यावरून निसटून मागे गेला आहे. पक्षी आणि पाने दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. पक्ष्याचा डोळा आणि चोच रेखीव असून पंखांची टोके तेवढी पुसट असतील, तर शटर पंखांच्या मानाने मंद पडले आहे, आणि असा फोटो मी तरी टाकून देत नाही, कारण त्यात उडण्याची जाणीव राहते. मात्र पक्षी, पाणी, पलीकडचा काठ असे सगळेच काचेवर ओघळलेल्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसत असेल आणि सलग काढलेल्या फोटोंत प्रत्येक वेळी कडा वेगळ्याच ठिकाणी वाकल्या असतील, तर दोष ना आपला ना कॅमेऱ्याचा. तो आपल्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेचा आहे.

या शेवटच्या कारणाकडे नागपुरात विशेष लक्ष द्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या गावात उन्हाळ्याचे वेगळे सांगायला नको, पण हवा थरथरण्यासाठी उन्हाळाच लागतो असे नाही. डिसेंबरातसुद्धा बांधाचे दगड, डांबरी रस्ता किंवा नांगरलेली काळी जमीन ऊन लागताच तापू लागते, वरची हवा थंडच असते, आणि या दोन थरांच्या सरमिसळीत प्रकाशाचे किरण वाकत राहतात. शंभर-दीडशे मीटरांवरचा पक्षी अशा हवेतून टिपला तर जगातली कोणतीही लेन्स त्याची पिसे मोजून देणार नाही. ६०० मिलिमीटरची लेन्स फक्त ती थरथर दुप्पट मोठी करून दाखवील. हिवाळ्यात सूर्योदयानंतरचे पहिले दोन-अडीच तास उपयोगाचे, नंतर फक्त जवळून जाणाऱ्या पक्ष्यांवर कॅमेरा रोखावा, असा माझा शिरस्ता आहे. धुके असेल त्या दिवशी फोटोचा नाद सोडून पक्षी पाहावेत. आणखी एक बारीकशी गोष्ट : लेन्सच्या तोंडावर संरक्षणासाठी स्वस्त यूव्ही फिल्टर बसवला असेल तर तो काढून पाहावा. लांब पल्ल्यावर साधी काच चित्र किती मऊ करते, हे तो काढल्यावरच लक्षात येते.

आता शटरविषयी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापतो. म्हणजे १/५०० सेकंदात तो दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिक सरकतो आणि १/२००० सेकंदात जेमतेम साडेपाच मिलिमीटर. पंखांची टोके त्याहून बरीच वेगाने हलतात. म्हणून संथ पंख मारणारे राखी बगळे किंवा करकोचे १/१२५० वर निभावून जातात, बदकांना १/२००० च्या खाली उतरू नये, आणि भिंगऱ्या, वेडे राघू यांना १/३२०० सुद्धा कधी कधी अपुरे पडते. एवढे शटर ठेवायचे तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढणार, फोटोत दाणे दिसणार. ते दिसू द्यावेत. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा नंतर स्थिर करता येत नाही. नवख्या माणसाला आयएसओ १६०० ची जी धास्ती असते तिनेच सर्वाधिक फोटो बिघडतात, असे माझे मत आहे.

फोकस निसटत असेल, आणि आपल्या वर्णनावरून मला मुख्य संशय त्याचाच येतो, तर कॅमेरा सतत फोकस ठेवणाऱ्या पद्धतीवर आहे ना ते आधी पाहावे. निकॉनमध्ये तिला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो. बसलेल्या पक्ष्यासाठी लावलेली एकदाच फोकस धरून थांबणारी पद्धत बदलायची राहून गेली, तर उडता पक्षी हाती लागणे कठीणच. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणाला दिले, तर अंगठा फोकस सांभाळतो आणि तर्जनी फक्त फोटो काढते. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण पक्षी झाडाआड जाऊन पुन्हा बाहेर येतो तेव्हा अंगठा उचलून धरता येतो आणि फोकस झाडावर उडी मारत नाही. एकच बिंदू पक्ष्यावर टिकवणे अवघड जात असेल तर मधल्या बिंदूभोवतीचा छोटा समूह निवडावा. सगळे बिंदू खुले ठेवले तर मोकळ्या आभाळात चालते, झाडोऱ्यापुढे मात्र कॅमेरा पानेच धरतो. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखण्याची सोय असते आणि तिने हे काम खरोखर सोपे झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही पक्षी चौकटीत आणून ठेवणे हे शरीराचेच काम राहते. पक्षी लांब असतानाच त्याच्यावर नजर लावावी आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावावा. आधी खाली कॅमेऱ्याकडे आणि मग वर आभाळाकडे पाहिले की पक्षी सापडत नाही. ७०-३०० ची लेन्स असेल तर सुरुवात १५० च्या आसपास करावी आणि पक्षी चौकटीत आल्यावर झूम वाढवावा. पावले मात्र पक्षी येतो आहे तिकडे रोखू नयेत. ज्या जागी तो सर्वांत जवळ येईल असा अंदाज आहे तिकडे पावले ठेवून फक्त कंबरेतून त्याच्याकडे वळावे, म्हणजे तो जवळ येत जातो तसे आपले अंग मोकळे होत जाते. पावले उलटी ठेवली तर नेमक्या क्षणी कंबर पिळलेली असते, आणि कॅमेरा हलतो तो तिथेच.

उभे कुठे राहावे हा मला यातला सगळ्यांत रोचक भाग वाटतो. पक्षी, विशेषतः जड पक्षी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उठतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेच उतरतात, कारण समोरून येणारा वारा पंखांना फुकटची उचल देतो. त्यामुळे वारा आपल्या पाठीकडून येत असेल तर पक्षी आपल्या रोखाने उठतो आणि त्याचा चेहरा मिळतो. वारा समोरून असेल तर शेपटीच मिळत राहते. त्याच वेळी सूर्यही पाठीशी असेल तर पक्ष्याच्या डोळ्यात तिरपा उजेड पडतो. अंबाझरीचा बांध तलावाच्या पूर्वेच्या अंगाला आहे, त्यामुळे सकाळी तिकडून पश्चिमेकडे पाहिले की ऊन आपोआप पाठीशी येते, आणि हिवाळ्यातला सकाळचा हलका वारा उत्तर-पूर्वेकडून असला तर दोन्ही गोष्टी जुळतात. संध्याकाळी हीच जागा निरुपयोगी ठरते. कोणत्याही नव्या तलावावर गेल्यावर मी कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी चिमूटभर धूळ सोडून वारा पाहतो, मग काठ निवडतो. लोक बहुधा गाडी उभी राहील तो काठ निवडतात.

सराव कोणावर करावा? हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंब हंसांवर नक्कीच नको. ते आले की आपले हात तयार असावेत. सराव घारींवर करावा. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या आसपास त्यांचे आभाळभर घिरट्या घालणे चालू असते, वास सहन करण्याची तयारी मात्र हवी. घार मोठी, तिचा वेग मध्यम, ती पुनःपुन्हा त्याच वाटेने फिरते. तिच्यानंतर गायबगळे घ्यावेत, कारण ते संध्याकाळी ठरलेल्या झाडांकडे ठरलेल्या मार्गाने जातात. मग टिटवी, जी आधी ओरडून सूचना देते आणि मग उडते.

या सगळ्यांपेक्षा मला शिकण्यासाठी उत्तम वाटतो तो कवड्या खंड्या. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यापासून काही मीटर उंचीवर एका जागी थांबतो, अंग जवळजवळ उभे, चोच सरळ खाली, पंखांची फडफड इतकी की ते नुसते करडे वलय दिसावेत. आणि या सगळ्या धडपडीत त्याचे डोके मात्र खिळवून ठेवल्यासारखे स्थिर असते, कारण खालच्या मासोळीवर त्याला नजर ठेवायची असते. तोंड वाऱ्याकडे असते, म्हणजे कोणता काठ धरायचा हेही तोच सांगतो. फोकस त्या डोक्यावर धरावा आणि १/३२०० वर सलग फोटो घ्यावेत. पंख मिटून तो खाली झेपावतो तेव्हा त्याच्यामागे जाण्याचा प्रयत्न सुरुवातीला करू नये, तो हमखास फसतो. पाण्यातून वर येताना तो क्षणभर मंदावतो, तेव्हा पकडावा. पाण्याऐवजी माळरानावर हेच काम कापशी घार करते आणि विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या बाजूच्या मोकळ्या माळांवर ती अशी हवेत थांबलेली दिसते. वेडा राघू उडताना टिपणे अवघड, पण तो कीटक पकडून त्याच तारेवर किंवा त्याच काटकीवर परत येतो, त्यामुळे काटकीच्या हातभर अलीकडे आधीच फोकस लावून वाट पाहता येते.

उजेडाविषयी थोडक्यात : पांढऱ्या आभाळापुढची घार कॅमेरा काळी ठिक्कर करतो, तेव्हा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे, गर्द झाडीपुढचा पांढरा बगळा उलट जळून जातो, तेव्हा तेवढेच कमी करावे. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअल, म्हणजे एक्स्पोजर स्वतः ठरवण्याची, पद्धत बरी, कारण पक्षी झाडीपुढून आभाळात गेला तरी त्याच्या अंगावरचे ऊन तेच असते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात फोटो घेतल्यास थोडीफार चूक सावरता येते.

एका बाबतीत मी कठोर आहे. थवा उठावा म्हणून दगड भिरकावणे किंवा टाळ्या वाजवणे हा प्रकार आपल्या तलावांवर सर्रास चालतो आणि मला तो मुळीच पटत नाही. हिवाळी पाहुण्या बदकांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाणात ती खर्च होते. शिवाय असे उठवलेले पक्षी आपल्याकडे पाठ करूनच पळतात, म्हणजे फोटोही निरुपयोगी येतो. घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला पक्षी दिसला तर कॅमेरा बाजूला ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवावे. आपण नवखे आहात म्हणून आणखी एक सांगतो : फुटाळा तलावाच्या बाजूने वायुसेनानगर जवळ आहे, अंबाझरीजवळ आयुध निर्माणी आहे. या परिसरांकडे लांब लेन्स रोखू नये; घार पाहात होतो हे पहारेकऱ्याला पटवणे सोपे नसते.

आता लेन्सकडे परत येतो. या हिवाळ्यात ७०-३०० वरच काम करावे आणि बिघडलेले फोटो वर सांगितल्याप्रमाणे वेगळे करावेत. फोकस निसटलेल्या आणि हात हललेल्या फोटोंचाच ढीग मोठा असेल तर मोठी लेन्स तो आणखी वाढवील, कारण ३०० वरून ६०० वर गेल्यावर चौकटीत मावणारे आभाळ एक चतुर्थांशावर येते आणि त्यात पक्षी शोधणे तितकेच जड जाते. फोटो रेखीव येत आहेत, पण पक्षी चौकटीत फारच लहान दिसतो, अशी तक्रार उरली की मग खुशाल खर्च करावा. त्याआधी मिळाली तर एक-दोन दिवसांसाठी भाड्याने आणून पाहावी. या वर्गातल्या लेन्स साधारण दोन किलोंच्या असतात आणि कॅमेऱ्यासह तेवढे वजन हातात धरून दहा मिनिटे आभाळाकडे रोखता येते का, हे दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एखाद्या दुकानात घेणारच असाल तर लेन्स बाहेर रस्त्यावर आणून लांबच्या पाटीचा फोटो ६०० वर, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून आणि मग ते एफ ८ पर्यंत लहान करून, असा दोन्ही प्रकारे घ्यावा आणि पाटीवरची अक्षरे शंभर टक्के मोठी करून ताडून पाहावीत; फक्त हे सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या करावे, दुपारी बर्डीच्या डांबरावरून येणाऱ्या हवेत चांगली लेन्ससुद्धा नापास होईल.