मारातील सिंहांचा माग : आधी कळप ठरवा, मग मुक्काम

तुम्ही लिहिले आहे की केनियातील मसाई मारा अभयारण्यातल्या चार दिवसांत ‘मार्श’ नावाच्या कळपाच्या सिंहिणी छाव्यांसह दोनदा ओझरत्या दिसल्या, नर मात्र दिसलेच नाहीत; सहल कंपनीने ‘नरांना बहुधा हुसकावून लावले असेल’ असे सांगून पुढच्या ऑगस्टसाठी पुन्हा सेकेनानी फाटकाजवळचाच तंबू आणि वर ‘खास सिंहमागोवा पॅकेज’ देऊ केले आहे. हे वाचताना माझाच जुना पत्रव्यवहार समोर आल्यासारखे वाटले. व्हिसा, पीतज्वराची लस, लेन्स यांविषयी येथे पुष्कळ लिहून झाले आहे, ते सोडून देतो.

सिंहांचे कळप आपला मुलूख धरून राहतात. दक्षिणेकडच्या सेरेंगेटीतून जुलैच्या सुमारास येणाऱ्या विल्डबीस्टच्या (एक मोठे हरिण) झुंडींमागे ते जात नाहीत. मार्श कळपाचा मुलूख म्हणजे अभयारण्याच्या उत्तरेकडची मुसियारा दलदल आणि जवळचा बिला शाका ओढा. सेकेनानी फाटक पूर्वेच्या टोकाला आहे. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो आणि उजाडताना व मावळतीला हालचाल करतो; नेमक्या त्याच वेळी तुमची गाडी खडबडीत रस्त्यावर धूळ खात असते, आणि संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी बाहेर पडायची घाई असते ती वेगळीच. तुम्हाला कोणता कळप दिसणार हे तुम्ही कोठे झोपता यावर ठरते, ड्रायव्हरच्या कौशल्यावर त्यानंतर.

ही साधी गोष्ट मी ज्यांच्याकडे पैसे भरले त्या कार्यालयाला शेवटपर्यंत समजावता आली नाही. मुसियाराकडचाच मुक्काम हवा, असे मी लेखी कळवले होते आणि त्यांनी ‘होय, नक्की’ म्हणून उत्तरही दिले होते. पूर्ण रक्कम भरल्यानंतर आलेल्या व्हाउचरवर मात्र पूर्वेकडच्या तंबूंचे नाव होते. विचारले तेव्हा ‘मारा सगळा एकच आहे, सिंह काय, सगळीकडे फिरतात’ असे ऐकवण्यात आले, आणि परताव्याचा विषय काढताच ‘समकक्ष निवास’ हे अटींमधले कलम पुढे आले. रोज सकाळी फुलांचे चित्र टाकून सुप्रभात म्हणणाऱ्या त्या कार्यालयाने नकाशा एकदाही उघडला नसावा. म्हणून माझा आग्रह असा की आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तंबूचे नाव लेखी घ्यावे आणि तो नकाशावर स्वतः शोधावा. मारा नदीच्या पश्चिमेकडील ‘ट्रँगल’ या भागाचे व्यवस्थापन 2001 पासून वेगळ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे प्रवेशशुल्क कोणत्या बाजूचे भरले जाणार, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

आता नरांविषयी. मी संशोधक नाही, तेव्हा हे एका हौशी माणसाचे मत समजावे. चार दिवस नर दिसले नाहीत एवढ्यावरून त्यांना हुसकावल्याचा निष्कर्ष निघत नाही. दोन-चार नरांची युती बऱ्याचदा एकाहून अधिक कळपांवर हक्क राखते, आणि हद्दीवर खुणा करत, डरकाळ्या देत ती दूरवर फिरत असते. खरे सत्तांतर झाले की नवे नर लहान छाव्यांना मारतात आणि सिंहिणी लवकरच पुन्हा माजावर येतात. तुमच्या छायाचित्रांत काही महिन्यांचे छावे आयांजवळ उघड्यावर निवांत खेळत आहेत. हुसकावल्याची कथा मला तरी यात बसत नाही.

एखादा नर पुढे सापडलाच, तर केवळ जखमेच्या व्रणावरून त्याला नाव देऊ नये. उजव्या डोळ्यावरच्या व्रणामुळे कोणालाही ओळखू येणारा, 2021 मध्ये वारलेला मारातला स्कारफेस नावाचा नर हा अपवाद होता. व्रण नवे होतात, जुने पुसट होतात, आयाळ वयानुसार गडद होते आणि आजारपणात विरळही होते. कायम राहतात ते मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके. सर्वांत वरच्या ओळीतले मोजके ठिपके त्याखालच्या ओळीतल्या कोणत्या ठिपक्यांच्या वर पडतात, ते पाहायचे. पेनिक्विक आणि रुडनाय या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. दोन्ही गालांची ठेवण वेगळी असते, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे हवीत. नाकाकडेही लक्ष द्यावे: तरुण नराचे नाक गुलाबी असते, वय वाढते तसे त्यावर काळे डाग पसरत जातात.

‘सिंहमागोवा पॅकेज’वर माझा अजिबात विश्वास नाही. अभयारण्यात रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई आहे, आणि वायरलेसवर सगळे ड्रायव्हर एकच बातमी ऐकतात. त्यापेक्षा पहाटे तंबूबाहेर थांबून डरकाळीची दिशा ड्रायव्हरला दाखवावी. शांत हवेत ती आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते.

शेवटी ऑगस्टविषयी. नदी ओलांडणाऱ्या झुंडी पाहायच्या नसतील, तर तो हट्ट का धरावा हे मला समजत नाही. परदेशी प्रौढांसाठी जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर असे शुल्क 2024 पासून लागू झाले; आरक्षणापूर्वी चालू दर अवश्य तपासावा. मार्श कळप फेब्रुवारीतही मुसियारालाच असतो, आणि त्याच्याभोवती गाड्या बऱ्याच कमी असतात.