ओआरएस पाजतोय तरी मुलाचे जुलाब थांबत नाहीत, काय चुकतंय?

मुलगा दीड वर्षाचा, वजन साधारण १० किलो, कालपासून पाण्यासारखे जुलाब. पाकिटातली चमचाभर पावडर पेलाभर पाण्यात कालवून देताय, निम्मं उलटून पडतं, असं तुम्ही लिहिलंय.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, ते त्याचं कामच नाही. अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार ते भरून काढतं. या वयात बहुतेक वेळा विषाणूचे जुलाब असतात, ते पाच-सात दिवस चालू शकतात.

तुमची खरी चूक मापात आहे. मोठं पाकीट (साधारण २१ ग्रॅम) एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर छापलेलं असतं. मोठ्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, हे प्रमाण मुद्दाम ठरवलेलं आहे. आतड्याच्या पेशीत मिठातलं सोडियम ग्लुकोजच्या जोडीने शिरतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. द्रावण दाट झालं तर उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं. पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. चमच्याने काढलेल्या पावडरीत मीठ किती, साखर किती आली, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मोठं पाकीट अख्खं एकदम फोडा, एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजून घ्या. पाणी आधी उकळून गार करा. पावडर घातल्यावर उकळू नका. वरून साखर, दूध, सरबत काही नको. २४ तासांनी उरेल ते ओतून द्या.

दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली. पेला तोंडाला लावलात की तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि ओकतं. चमच्याने पाजा, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

सोबत झिंक : रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडू नका. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतं.

अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ खिचडी, दहीभात, केळं द्या. उपाशी ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या अजिबात नकोत, आणि अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश मागे जात असेल, डोळे खोल गेले असतील, सहा तासांत लघवी नसेल, शीमध्ये रक्त दिसलं, मूल गळून गेलं किंवा पीतच नसेल, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा, वाटेतही चमचा चालू ठेवा.