ट्यूमर बोर्डात कर्करोगाचा उपचार कसा ठरतो? डॉक्टर मतदान करतात का?

मतदान होत नाही. सर्जन, किमो देणारे ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशनतज्ज्ञ, स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि पेशी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून स्कॅन आणि बायोप्सी पुन्हा पाहतात आणि चर्चेतून उपचार ठरवतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आमच्या बैठकीत बायोप्सीच्या स्लाइड्स मीच दाखवते. खरी चर्चा बहुतेक वेळा ‘आधी काय’ यावरच रंगते. समजा, गुदाशयाचा कर्करोग आहे. एमआरआयमध्ये गाठ गुदाशयाभोवतीच्या आवरणापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर दिसली, तर लगेच ऑपरेशन केल्यास कडेला कर्करोगाच्या पेशी मागे राहण्याचा धोका असतो. मग सहसा आधी रेडिएशन आणि किमो, नंतर ऑपरेशन असं ठरतं. एवढ्याशा अंतरावरून सगळा क्रम बदलतो, म्हणून स्कॅन सगळ्यांनी मिळून पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. रुग्णाची ताकद, हृदय, किडनी, आधीचे आजार हेही विचारात घेतात. मात्र बोर्डाचा निर्णय ही शिफारस असते, संमती रुग्णाचीच लागते. आणि रुग्ण सहसा त्या बैठकीत नसतो, त्यामुळे तुम्हाला काय झेपेल आणि काय नको आहे, हे बैठकीआधीच तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठेवा.