नवीन सहकारी व्हीलचेअर वापरतात, ऑफिसमध्ये आधी काय बदलावं?

आधी त्यांनाच विचारा. अंदाजाने पैसे खर्चून भलतंच काही बसवलं जातं, असं फार होतं. मग टेप घेऊन दारापासून टेबलापर्यंत मोजत जा. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला निदान १८० सेंमी लांबी. त्याहून चढा रॅम्प नुसता शोभेचा. (त्यावर खोकी रचू नका, हेही सांगावं लागतं!) वळायला साधारण १५० सेंमी मोकळी जागा लागते आणि ती नेमकी टॉयलेटमध्येच नसते. तिथलं दार बाहेर उघडणारं करून घ्या. टेबलाखालचे ड्रॉवर काढा, गुडघे आत जायला हवेत. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही. तेव्हा त्यांना खाली कोण, कसं नेणार, हे त्यांच्याशी बोलून पहिल्याच दिवशी ठरवा.