तळ्याकाठची केबिन: आधी काय विचारावं, काय न्यावं

मिनेसोटातल्या स्टेट पार्कांमध्ये भाड्यानं मिळणाऱ्या कॅम्पर केबिनबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले काही, उत्तरांसह.

प्रश्न: आम्ही दोन कुटुंबं, चार मोठी माणसं आणि तीन मुलं. जुलैत तळ्याकाठी दोन-तीन रात्री राहायचं आहे. एक केबिन पुरेल का? बुकिंग कधी करावं? (एडन प्रेरी)

नाही पुरणार, दोन घ्या. कॅम्पर केबिन म्हणजे साधारण 12 बाय 16 फुटांची एकच खोली. आत बंक बेड, त्यांवर गाद्या, एक टेबल, बाकं आणि पुढे डासांची जाळी लावलेला पोर्च. पाच ते सहा माणसं झोपतात. आत नळ नाही, संडास नाही, ओटा नाही, अंथरूण-पांघरूण नाही. काही केबिनमध्ये वीज आणि हीटर असतो, काहींत नसतो. बुक करताना हे त्या-त्या केबिनच्या पानावर बघा, पार्कच्या पानावर नाही. तंबूतली ओल आणि पाठीखालचे दगड वाचतात, एवढाच काय तो फायदा. मुलं लहान असतील तर तेवढाही खूप आहे.

बुकिंग पोहोचण्याच्या दिवसाच्या 120 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. 4 जुलैला पोहोचायचं असेल तर तो दिवस 6 मार्च. मोजणी पोहोचण्याच्या तारखेवरून होते, यातच खरी मेख आहे. गुरुवारी येऊन तीन रात्री राहणारा माणूस शुक्रवार-शनिवारसुद्धा अडवून ठेवतो, आणि तेही शुक्रवारी येणाऱ्याचं बुकिंग उघडण्याच्या एक दिवस आधी. शुक्रवारी पोहोचायचं म्हणून बुकिंग उघडताच 8 च्या ठोक्याला बसूनही केबिन मिळत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. गुरुवारची रजा मिळत असेल तर घ्याच. बुकिंगच्या वेबसाइटवर खातं आदल्या दिवशी उघडून ठेवा आणि दोन-तीन पर्यायी पार्क लिहून ठेवा. मार्च हुकला असेल तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रद्द झालेल्या जागा शोधत राहा.

खरं सांगायचं तर 4 जुलैचा हट्टच सोडावा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डास कमी झालेले असतात, पाणी अजून कोमट असतं आणि इथल्या बहुतेक शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुरू होतात. मोटारबोटींचा आवाज नको असेल तर बॅटल लेक गावाजवळचं ग्लेंडालो पार्क बघा. तिथल्या ॲनी बॅटल तळ्यात मोटारबोट चालवायला बंदी आहे. मात्र गाडी केबिनच्या दारापर्यंत जात नाही. सामान हातगाडीवर घालून न्यावं लागतं, तेव्हा बोजा आटोपशीर ठेवा.

माणशी एक स्लीपिंग बॅग किंवा चादर-ब्लँकेट, उशी, बॅटरीचा कंदील, रात्री संडासला जायला प्रत्येकाला टॉर्च, आणि 20 लिटरचा पाण्याचा कॅन एवढं हवंच. नळ बाहेर असतो आणि कॅन नसेल तर दिवसभर बाटल्या भरत हेलपाटे घालावे लागतात. केबिनच्या भाड्यात पार्कमध्ये गाडी न्यायचा परमिट धरलेला नसतो. गाड्या दोन असतील तर परमिटही दोन.

प्रश्न: वीज असलेली केबिन मिळाली आहे. आत इंडक्शनवर वरण-भाताचा कुकर लावला तर चालेल ना? (वुडबरी)

चालत नाही. केबिनमध्ये स्वयंपाकाला बंदी आहे आणि पोर्चही आतच धरा. फोडणीचा वास गाद्यांत आणि लाकडात मुरतो, त्यामागून उंदीर येतात. उत्तरेकडच्या पार्कांत काळी अस्वलंही आहेत. जाळीचा दरवाजा त्यांना अडवत नाही. म्हणून खाणं, कूलर, टूथपेस्टसुद्धा रात्री बंद गाडीत. पाऊस आला म्हणून गॅसची शेगडी किंवा कोळशाची ग्रिल आत आणणं तर जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाहेरच्या टेबलावर दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी सर्वांत सोयीची. 1 पौंडाचा सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेवर साधारण दोन तास चालतो, दोन्ही बर्नर लावले तर तासभर. दोन रात्रींना तीन सिलिंडर घ्या. वारा असेल तर शेगडीची झाकणं वाऱ्याच्या बाजूला उभी करा, नाहीतर निम्मा गॅस हवेतच जातो.

सहा जणांच्या मुगाच्या खिचडीला 2 वाट्या तांदूळ, 1 वाटी डाळ, 9 वाट्या पाणी, आणि 5 लिटरचा कुकर. डाळ फेसाळते, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. 3 लिटरच्या कुकरमध्ये हे माप घातलं की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं आणि बर्नर विझतो. हळद, हिंग, मीठ, गोडा मसाला घरीच एका पिशवीत एकत्र करून न्या. आणि रात्री 10 नंतर शांततेची वेळ असते, शिट्ट्या त्याआधी होऊ द्या.

थालीपीठ शेकोटीवर करायचं असेल तर ज्वाळांवर नको. लाकडं पाऊण तास जळू द्या, निखारे एका बाजूला ओढा आणि त्यांवर बिडाचा तवा ठेवा. ज्वाळेवर भाजणी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

प्रश्न: घरामागच्या तोडलेल्या झाडाची लाकडं शेकोटीला नेऊ का? (प्लिमथ)

नेऊ नका. लाकडाबरोबर ॲश झाडं पोखरणारी एमराल्ड ॲश बोरर ही कीड जाते. मिनेसोटात ती 2009 मध्ये सापडली. पार्कमध्ये किंवा जवळच्या मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून घ्या आणि पावती जपा.

प्रश्न: साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत, दोघंही सत्तरीचे. त्यांना केबिनमध्ये न्यावं का? (रॉचेस्टर)

कॅम्पर केबिनमध्ये नको. रात्री दोनदा उठून अंधारात संडासापर्यंत चालणं त्यांना त्रासाचं होईल. त्यांच्यासाठी इटास्का पार्क बघा. 1891 पासूनचं हे पार्क राज्यातलं सर्वांत जुनं. तिथल्या 1905 च्या डग्लस लॉजमध्ये आणि आसपास बाथरूम असलेल्या खोल्या व केबिन मिळतात, पण फक्त उन्हाळी हंगामात. इटास्का तळ्यातून मिसिसिपी निघते आणि उगमापाशी ती दगडांवरून चालत ओलांडता येते. दगड शेवाळलेले असतात. बाबांना चपला काढून नव्हे, पट्ट्याच्या सँडल घालून, हात धरून न्या. न जमलं तर काठावर बसून पाय बुडवले तरी नदीच्या उगमाचं स्नान पदरात पडलं म्हणायचं. 10 मैलांचा वाइल्डरनेस ड्राइव्ह हा जंगलातला रस्ता गाडीतूनच होतो.

प्रश्न: गोचिडींची भीती वाटते. शिवाय गेल्या वर्षी पोहून आल्यावर मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. (मेपल ग्रोव्ह)

दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, म्हणून नुसतं वरवर बघून चालत नाही. कपडे-बूट 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकानं घरी फवारून पूर्ण वाळू द्या. ते अंगाला लावायचं नसतं, आणि ओलं असताना मांजराला घातक. अंगाला 20 ते 30 टक्के डीट असलेलं, किडे दूर ठेवणारं औषध. पँट मोज्यांत खोचा. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांमागे, कानांमागे आणि केसांत बोटं फिरवून बघा. परतल्यावर कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर 10 मिनिटं फिरवा.

चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी काही लावू नका. जंतू शिरायला बहुधा 24 तासांहून जास्त लागतात, म्हणून रोज तपासणी हाच खरा उपाय. पुढच्या 3 ते 30 दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

पुरळ बहुधा स्विमर्स इचचं. गोगलगाई आणि पाणपक्ष्यांमध्ये वाढणारे सूक्ष्म परजीवी चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. वारा काठाकडे वाहत असेल तेव्हा उथळ पाण्यात ते साचतात. बाहेर आल्या-आल्या, पाणी अंगावर वाळायच्या आत, टॉवेलनं खसखसून पुसा. पाण्यावर हिरवा पेंट सांडल्यासारखा थर दिसला तर ते विषारी शेवाळ असू शकतं, तेव्हा मात्र मुलांना आणि कुत्र्याला काठावरच थांबवा.

प्रश्न: आम्ही शिकागोहून येणार. मासेमारीचं लायसन्स लागेल का? (शिकागो)

तुम्हाला लागेल. पार्कच्या हद्दीत काठावरून बिनलायसन्सचा गळ टाकायची सवलत मिनेसोटाच्या रहिवाशांनाच आहे. बोट भाड्यानं घेतलीत तर 10 वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्यानं सक्तीचं आहे; मोठ्यांसाठीही प्रत्येकी एक बोटीत हवं. स्वतःची कयाक आणणार असाल तर निघताना चिखल आणि पाणवनस्पती काढून, पाणी ओतूनच काठ सोडा, आणि उरलेलं आमिष तळ्यात न टाकता कचऱ्यात टाका.