भाट्ये ते मिरजोळे एमआयडीसी रोज सायकलने जायचंय, सायकलीत काय बदल करून घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा: राहायला रत्नागिरीजवळ भाट्ये, नोकरी मिरजोळे एमआयडीसीत, नवी २१ गिअरची हायब्रिड (पुढच्या चक्रांचे दात २८-३८-४८, मागचे १४-२८, टायर ७००×३५, रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे व्ही-ब्रेक), पावसाळ्यातही चालवायची, आणि सामानावर पाच-सहा हजार घालायची तयारी. दुकानदार जेल सीट, स्पीडोमीटर आणि पुढे सस्पेन्शनचा फोर्क सुचवतोय, ते घ्यावं का?

नको. सस्पेन्शन तर मुळीच नको. स्वस्त फोर्क वजन वाढवतो, चढावर उभं राहून पॅडल मारताना खालीवर डुलतो आणि दोन पावसाळ्यांत आतून गंजून अडकतो. आपल्याकडे सायकल चालवून झिजते त्याच्या कितीतरी आधी गंजते, हे धरून पैसे लावा. पहिले पैसे पूर्ण लांबीच्या मडगार्डना, मग चढाच्या गिअरला, मग ब्रेकच्या रबरांना आणि तारांना, मग कॅरिअर-बॅगेला. उरले तर सीट.

मडगार्डपासून सुरू करतो, कारण बाकी सगळ्याचं आयुष्य त्यावर ठरतं. जांभ्याची लाल माती ओली झाली की बारीक वाळूसारखी घासते. पुढचं चाक ती थेट चेनवर, पुढच्या चक्रावर आणि खालच्या बीबीवर (पॅडलच्या आसाच्या बेअरिंगवर) मारतं. दुकानात मिळणारे आखूड, क्लिपने लावायचे मडगार्ड फक्त पाठीवरचा पट्टा वाचवतात, चेन नाही. ३५ च्या टायरला ४५ मिमी रुंदीचे, दोन्ही बाजूंनी काड्यांचा आधार असलेले घ्या. टायर आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडे १० ते १५ मिमी जागा हवी. कमी ठेवलीत तर चिखल आत बसून चाक घासायला लागतं. पुढच्या मडगार्डला खाली जाड रबराची झालर लावा, जमिनीपासून पाचसहा सेंटीमीटर वर राहील इतकी लांब. पंक्चरवाल्याकडून जुन्या मोटरसायकल ट्यूबचा तुकडा घ्या, दोन भोकं पाडून नट-बोल्टने आवळा, झालं. बूट आणि चेन कोरडी राहतात ती या झालरीमुळे. फ्रेमला मडगार्डची भोकं नसतील तर रबर लावलेल्या पी-क्लिपा नळीवर बसवून काड्या त्यात धरता येतात.

सगळीकडे एम-५ स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट वापरा. साधे नट खडबडीत रस्त्यावर गळून पडतात आणि सुटलेली काडी आऱ्यांत अडकली की माणूस तोंडावर. स्टेनलेस बोल्टसाठी मिरकरवाड्याच्या बाजूला बोटीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. ३१६ ग्रेड मिळाला तर उत्तम, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे तो मिठापुढे नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकतो. तिथेच पाण्यात न धुपणारं ग्रीसही मागा. एक पथ्य मात्र पाळा: अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेस बोल्ट कोरडा कधीच फिरवू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, अॅल्युमिनियम पांढरं भुकटी होऊन बोल्ट जाम होतो. आट्यांना ग्रीस लावूनच बसवा. सीटच्या दांड्याचंही तेच. तो दर दोन महिन्यांनी बाहेर काढायचा, पुसायचा, ग्रीसचा पातळ हात देऊन परत घालायचा. वर्षभर न हलवलेला दांडा फ्रेम कापल्याशिवाय निघत नाही अशी वेळ येते.

आता चढ. भाट्याचा पूल खाडीच्या पातळीला, आणि मारुती मंदिर, साळवी स्टॉप, पुढची एमआयडीसी हे सगळं वर सड्यावर. म्हणजे सकाळी, अंगात ऑफिसचे कपडे असताना, तुम्ही चढणार. तुमचा सगळ्यात हलका गिअर आत्ता पुढे २८, मागे २८, म्हणजे पॅडलचा एक फेरा चाकाचा एक फेरा. ७००×३५ चाक एका फेऱ्यात साधारण २.१७ मीटर जातं. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर वेग ताशी ७.८ किलोमीटर. ताज्या पायांना हे जमतं, पण घाम न काढता नाही. मागे १४-३४ चं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा गट) लावा. त्याच फेऱ्यांना वेग ६.४ वर येतो, श्वास ताब्यात राहतो. या फ्रीव्हीलमध्ये २४ दातांवरून एकदम ३४ वर उडी असते, म्हणून सपाटीला काही बदलत नाही, फक्त एक खास चढाचा गिअर मिळतो.

बदलताना तीन गोष्टी मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. एक, मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) ३४ दात चालतात का ते मॉडेल नंबरवरून बघा. आखूड पिंजऱ्याचे स्वस्त डिरेलर २८ लाच थांबतात. दोन, चेनची लांबी. चेन डिरेलर वगळून पुढच्या ४८ वरून आणि मागच्या ३४ वरून फिरवा, टोकं जिथे जुळतात त्याहून एक इंच जास्त ठेवा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला की डिरेलर वाकतो किंवा तुटतो. तीन, डिरेलरवरचा एल अक्षराचा स्क्रू, चेन आत किती सरकेल ते तो ठरवतो. चेन ३४ वर हाताने ढकलून बघा, पलीकडे आऱ्यांत पडता कामा नये. फ्रीव्हील बसवण्याआधी हबच्या आट्यांना ग्रीस हवंच, कारण चढावर ते रोज थोडं थोडं आवळत जातं आणि पुढच्या वेळी काढताना पान्याला माणसं लटकवावी लागतात.

(कुणाकडे जुनी काळी बिनगिअरची सायकल असेल तर तिलाही हाच उपाय लागू आहे. मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ चं घाला. सपाटीवर थोडी हळू जाईल, पण चढावर उतरून ढकलणं कमी होईल.)

बसण्याची उंची फुकट सुधारते आणि जेल सीटपेक्षा जास्त आराम देते. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलका वाक राहतो. बहुतेक लोक सीट तीनचार सेंटीमीटर खाली ठेवतात, जमिनीला दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि मग गुडघे दुखले की सायकलला नावं ठेवतात. हँडल सीटच्या पातळीला किंवा बोटभर वर. सीटच्या दांड्यावरची किमान खुणेची रेघ बाहेर दिसता कामा नये.

परतीचा रस्ता उताराचा, म्हणून ब्रेककडे वळू. व्ही-ब्रेक ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे जवळजवळ धरतच नाहीत, आधी रबर पाणी पुसतं, मग पकडतं. पावसात वळणाच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक हलके टेकवत या, रिम पुसली गेली की मग जोर द्या. मूळ रबरं बहुधा कडक असतात, ओल्यासाठी म्हणून विकली जाणारी मऊ रबरं घाला. ती रिमच्या मध्यावर बसली पाहिजेत. वर सरकली तर टायर फाडतात, खाली सरकली तर आऱ्यांत शिरतात. लाल मातीचे कण रबरात रुतून बसतात आणि रिम खरवडतात. ब्रेक मारताना खरखर ऐकू आली की त्याच दिवशी चाक काढा, सुरीच्या टोकाने कण उपसून काढा आणि रबराला पॉलिश पेपरचा एक हात मारा. पाच मिनिटांचं काम. रिमच्या बाजूला बारीक खाच असेल तर ती झिजेची खूण आहे, खाच दिसेनाशी झाली की रिम बदलायची, रबर नाही. तारा स्टेनलेसच्या घाला. साध्या तारा आवरणाच्या आत गंजतात, बाहेरून काही दिसत नाही, फक्त ब्रेक दाबल्यावर सुटायला उशीर करतो.

हवा: तुमचं वजन ७० किलोच्या आसपास धरलं तर मागे ५५ ते ६०, पुढे ४५ ते ५० पीएसआय. पावसाळ्यात दोन्हीकडे पाच-सात कमी, ओल्या डांबरावर पकड वाढते. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. ट्यूब मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची ठेवा म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे भरता येते, पण त्याला कॉम्प्रेसरची नळी लावून ठेवू देऊ नका. सायकलची ट्यूब एवढीशी, दोन सेकंदांत फुटते. टिचक्या टिचक्याने, मध्ये मीटर बघत भरून घ्या.

चेनचं वेड मात्र लागू द्या. पावसाळ्यात ओल्या हवेसाठीचं घट्ट सायकल तेल, उन्हाळ्यात पातळ. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवत, मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर माती धरतं. खोबरेल घालणारे महाभाग आपल्याकडे आहेत. ते सुकून चिकट होतं आणि चेनला लाल मातीचा लेप बसतो. इंजिन ऑइलही नको. गंज काढायचे स्प्रे हे वंगण नव्हे, ते असलेलं तेल धुऊन टाकतात, त्यानंतर तेल घातलं नाही तर चेन दुसऱ्या दिवशी तांबूस. पट्टी घेऊन महिन्यातून एकदा मोजा: शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर ठेवली की बरोबर १२ इंचांवर दुसरी पिन यायला हवी. ती १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि नवी चेन त्यावर घसरते.

धुवायला बादली, मग आणि मऊ ब्रश. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल नेऊ नका, पाणी हबमध्ये आणि बीबीत शिरतं, ग्रीस बाहेर जातं आणि छर्रे गंजतात. पावसाळ्याचे चार महिने आणि एरवी वारा जोराचा असेल तेव्हा, पुलावरून आल्यावर दोन बादल्या विहिरीचं पाणी वरून सोडायचं, चेन पुसायची, तेल द्यायचं. पश्चिमेच्या पडवीत सायकल ठेवू नका, आत किंवा घराच्या पूर्वेला लावा. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी नळीत उतरतं आणि बीबीत साठतं. तिथे जुन्या ट्यूबचं चार बोटं लांबीचं कडं चढवा, वरचा अर्धा दांड्यावर, खालचा फ्रेमवर. बीबीखाली निचऱ्याचं भोक असेल तर ते मातीने बुजलेलं नाही ना बघा. हब आणि बीबीचं ग्रिसिंग मिरगाच्या आधी एकदा आणि गणपती उरकले की एकदा.

सामान पाठीवर नको, घामाने शर्ट भिजतो. कॅरिअर लावा, त्याला एका बाजूला लटकणारी पॅनियर बॅग, आणि ती मागे एवढी सरकवून बांधा की टाच लागणार नाही. पिशवी कितीही वॉटरप्रूफ म्हणून घेतली तरी आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून गुंडाळा. शहराकडे जाताना पुलावर समुद्र डावीकडे, त्यामुळे जून-जुलैत वारा आडवा लागतो आणि पोंचो शिडासारखा फुगून तुम्हाला गाड्यांकडे ढकलतो. रेनकोट जाकीटच बरं, काखेखाली हवा खेळणारं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आतून घामाने भिजणारच. कोरडे कपडे आणि टॉवेल ऑफिसात ठेवणं हाच खरा उपाय. पायात बुटांऐवजी पट्ट्यांची रबरी सँडल.

दिवे: मागे लाल आणि पुढे पांढरा, दोन्ही यूएसबीवर चार्ज होणारे. चार्जिंगच्या भोकाची रबरी टोपी नीट बसते का ते दुकानातच बघा, मिठाने पहिलं तेच खाल्लं जातं. पावसात दिवसाही मागचा चालू ठेवा. घंटी पितळेची.

बॅगेत कायम असाव्यात अशा वस्तू: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, लहान पंप, ४-५-६ च्या एलन की, चाकं नटाची असतील तर १५ चा पाना, चेनचा एक जोडदुवा, आणि एक फडकं. तो पाना विसरलात तर ट्यूब आणि पंप असूनही चाक निघणार नाही, म्हणून निघण्याआधी घरीच एकदा मागचं चाक काढून परत बसवून बघा.